आणखी काय असू शकेल?

७ जुलै, सोमवार
नगरचं प्रशिक्षण आटोपून आज पुन्हा रुग्णालयात हजर. परतीच्या एसटीत डोळा लागला नाही, डोक्यात तिथे शिकवलेली एकच गोष्ट. पहिलं निदान सुचलं की आपण विचार करायचं थांबतो, आणि तातडीच्या पेशंटचा घात तिथेच होतो. म्हणून औषध लिहिण्याआधी मोठ्याने विचारायचं : आणखी काय असू शकेल? नातेवाइकांदेखत. त्यांनाही काही आठवतं.

गुंजाळ सरांना सांगितलं. आमचे अधीक्षक, पारनेरात उभं आयुष्य गेलेलं. हसले. "मॅडम, डॉक्टरच शंका काढायला लागला तर पेशंट सरळ गाडीत बसून शिरूरचा खासगी दवाखाना गाठेल."
शेख सिस्टर म्हणाल्या, करून तर बघू.
करणारच.

९ जुलै
 

सकाळी ओपीडी उघडायच्या आत राळेगणकडच्या एका वस्तीवरून कमल आली. तिशीची. सोबत नवरा आणि सासू. पहाटेपासून पोटात कळा, उलट्या. नवरा म्हणाला, "शिळं खाल्लं हुतं. गावात सुई मारली, पर फरक न्हाई." पोट मऊ, बीपी ठीक. "ॲसिडिटी असेल," मीही म्हणाले, सलाईन लिहायला घेतलं. मग आठवलं. जरा लाजतच सगळ्यांसमोर म्हणाले, "आणखी काय असू शकेल?"

 मग सासू पुढे झाली. "बाई, हिला झोप आवरंना झालीय. डोळं उघडतच न्हाई."
मला ती रात्रभर जागल्याची गुंगी वाटली होती.
"कमल, वर बघ." पापण्या अर्ध्यावर. वर जाईचनात.
"झोपली कुठे होती?"
"खालीच. आमी समदीच खाली झोपतो."

"मण्यार चावलीय," मी म्हणाले. पोटात कळा, पडलेल्या पापण्या, जमिनीवरची झोप, सगळं जुळलं. चावल्याची खूण कुठेच नाही. मण्यारीची पुष्कळदा सापडतही नाही. सापाचं इंजेक्शन लगेच सुरू केलं. तेवढ्यात तिचा आवाज नाकातून यायला लागला, थुंकी गिळवेना, श्वास उथळ. सर धावत आले. "मण्यार?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. पहिल्या प्रयत्नात श्वासनळीत नळी घातली त्यांनी. असा हात मला कधी येणार... नगरला नेताना स्वतः ॲम्ब्युलन्समध्ये बसले, वाटभर तिला श्वास देणारा फुगा दाबत.

सलाईन लावून घरी पाठवली असती तर
पुढचं लिहीत नाही.

१० जुलै
कमल नगरला व्हेंटिलेटरवर. 
शेख सिस्टर सुटल्यात. गुडघा खरचटलेला एक गडी आला, त्याच्यापुढेही, "आणखी काय असू शकेल?" तो म्हणाला, "काय न्हाई सिस्टर, गाडीवरनं पडलोय." हसून हसून पुरेवाट. पण त्याचं डोकं, मान, पोट सगळं तपासलं. आधी तपासलं असतं का? नाही.

१२ जुलै
कमलच्या नवऱ्याचा फोन. बोटं हलवली. "डागदर म्हनले, वेळ लागंल, पर हुईल."
घरी येताना पेढे घेतले. कशाचे, ते दुकानदाराला सांगत बसले.

१४ जुलै, सोमवार
सरांचं खरं झालं.
एक आजोबा, छातीत जळजळ, दोन मुलगे सोबत. मी नेहमीसारखं मोठ्याने विचारलं. थोरला ताडकन, "म्हंजे तुमाला कळंना व्हय?" ईसीजी काढते म्हटलं, थांबा म्हटलं. उचलून घेऊन गेले. कुठे, माहीत नाही. दिलेला नंबर लागत नाही.
सर म्हणाले, "याचसाठी सांगत होतो." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

१५ जुलै
सरांशी वाद, चहा गार होईपर्यंत.
"सासू बोलली नसती तर कमल गेली असती, सर."
"आणि काल तो म्हातारा ईसीजी न काढताच निघून गेला, त्याचं काय? मनात विचारा की. कोण अडवतंय?"
मनात विचारलं की मनातूनच उत्तर येतं, आणि ते आधीचंच असतं. हे त्यांना म्हटलं. पटलं नाही. मग आजोबांचा नंबर पुन्हा लावून पाहिला.
अजून बंद.

१७ जुलै
कमलची नळी काढली!! तिने स्वतः फोन केला. आवाज पार बसलेला.
"म्याडम, मला समदं ऐकू येत हुतं. डोळं तेवढं उघडंनात. तुमी सापाचं नाव घेतलं ना, ते बी ऐकलं. म्हनलं, आता कळलं यांना."
फोन ठेवल्यावर लक्षात आलं. म्हणजे मी ॲसिडिटी म्हणाले तेही तिने ऐकलं असणार.
सरांना जाऊन सांगितलं. त्यांनी कमलचा केसपेपर मागवून पुन्हा वाचला.

१८ जुलै
आज सरांची ड्यूटी. एका आजींना चक्कर, घाम, बोलणं तुटक. शुगरच्या गोळ्या चालू. मी शेजारच्या खाटेवर टाके घालत होते. साखर तपासून, ग्लुकोज सुरू करून सर आजींच्या सुनेकडे वळले.
"मला हे साखर उतरल्याचं वाटतंय, त्याचं औषध सुरू केलंय. पण माझ्या ध्यानात न आलेलं काही घरी घडलंय का? पडल्या, नवीन गोळी घेतली, काहीही. सांगा, चुकीचं काही नाही त्यात."

माझा दोरा हातातच राहिला. शंका तीच, पण सून घाबरली नाही. विचारात पडली. म्हणाली, "मला न्हाई ठावं, त्यांचं गोळ्यांचं ल्योक बघत्यात." आजींचे दोन्ही मुलगे पडद्याबाहेर उभे.

"सर, बोलवू दोघांना?"
सरांनी पडद्याकडे पाहिलं. "एकालाच बोलवा. दोघं आले की एकमेकांना चढवतात."
धाकटा आत आला, कावराबावरा. सरांनी आधी त्याला स्टुलावर बसवलं, आणि मग मघाचाच प्रश्न पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली.