उकडलेल्या कोळंबीचा रंग

हुचितान,
वेलाची जत्रा उरकल्यानंतरचा सोमवार

प्रिय रुफिनाताईस, धाकट्या एलियोदोरोचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? सालिना क्रूझचा वारा सोसत नसेल तर त्यांना दोन दिवस घरात कोंडून ठेव. आणि तुमचा पोपट अजून माझं नाव घेऊन शिव्या देतो का (त्या तूच शिकवल्यास, मला माहीत आहे)? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, म्हणजे मला सोडून सगळे. मी जळतोय, ताई. तुझ्यापासून काय लपवायचं? सकाळी डोळे उघडल्यापासून जळतोय, आणि ज्याच्यावर जळतोय तो नेरेओ बागेपलीकडे शिट्टी वाजवत दुकान उघडतोय.

नेरेओ म्हणजे तोच, ज्यानं आमचं लग्न ठरायच्या आधी एका वेलाच्या जत्रेत ओदिलियाला पहाटेपर्यंत नाचवलं होतं. (ती म्हणते, दोनच नाच. मी तिथे होतो.) मधली कैक वर्षं राजधानीत काढून महाशय परत आले आणि माझ्या नाकासमोर फोटोचं दुकान थाटलं. भिंती पांढऱ्या, पडदा पांढरा, आणि अंगात कायम राखाडी शर्ट. म्हणे, रंगीत शर्टाची झाक गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर पडते! अरे, मी आयुष्यभर पिवळाधमक शर्ट घालून नवरदेव टिपले, एकाची तरी कावीळ निघाली का?

तर मुद्द्याचं. आपले रोल धुऊन देणारा ओआहाकातला माणूस धंदा बंद करून बसला, म्हणून मला नवा कॅमेरा आणि प्रिंटर घ्यावा लागला. या कॅमेऱ्यात सूर्य, ढग, दिवा अशी बारकी चित्रं आहेत. कुठल्या उजेडात फोटो काढतोय ते म्हणे आपण त्याला सांगायचं. एवढा महागडा कॅमेरा, त्याला स्वतःला दिसत नाही? माहितीचं पुस्तक एवढं जाड निघालं की दुपारी उशाला घेतलं (मान छान राहते). खोक्यात एक कोरा राखाडी पुठ्ठाही होता. त्यावर काहीच छापलेलं नव्हतं, म्हणून तो इस्त्रीच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारला.

यंदा वेलाचं यजमानपद ओदिलियाकडे होतं, हे तुला माहीत आहेच. तिनं त्यासाठी गडद द्राक्षरंगाची मखमल घेतली, वर्षभर त्यावर फुलं भरून घेतली, डोक्याला कडक खळीची पांढरी झालर केली. यजमानिणीचा मोठा फोटो मांडवाच्या दारात लागतो, सगळं गाव त्याखालून आत जातं. तो मी नाही काढायचा तर कोणी? मी तिला आपल्या अंगणात उभं केलं, त्या हिरव्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली. (हिरवा घे, गारवा वाटतो, हा सल्ला तुझा होता, ताई. मी फक्त आठवण करून देतोय.) प्रिंटही तिथेच बसून पाहिला. जरा हिरवट वाटला, म्हणून लाल वाढवला. मग अजून वाढवला. वाढवता वाढवता असा झकास जमला की मी तो तसाच उचलून बाजारात मिरवायला नेला. उन्हात पाऊल टाकलं आणि सुक्या मासळीवाल्या तिबुर्सियामावशीनं अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं, "काय रे एलियोदोरो, ही तुझी बायको की उकडलेली कोळंबी?"

झालर गुलाबी, गळ्यातल्या हारातली सोन्याची नाणी गुलाबी, ओदिलियाचे दातसुद्धा गुलाबी! पत्र्याखाली बसून बसून माझे डोळेच हिरवे झाले होते आणि मी मुकाट्यानं लाल ओतत गेलो होतो. घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. ओदिलियानं पुन्हा सगळा साज चढवला, नाणी घातली, आणि भर दुपारी, गावादेखत, बाग ओलांडून नेरेओकडे चालती झाली.

मी काय करणार? बर्फगोळ्याच्या गाडीआड लपलो. (संशय नको म्हणून चिंचेचा गोळाही घेतला.) नेरेओचं दार उघडंच होतं. त्यानं तस्साच राखाडी पुठ्ठा काढला आणि तिच्या गालाजवळ धरला. रंगाचं माप घेतात म्हणे. पण पुठ्ठा धरायला इतका वेळ? गालाच्या इतक्या जवळ? बघता बघता गोळा वितळून सगळा तपकिरी पाक पिवळ्या शर्टावर. आणि तेव्हाच ओदिलिया हसली! तशी हसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आणि नेरेओनं ते टिपलं.

त्याच्या प्रिंटमध्ये मखमल मखमलीच्या रंगाची होती. मी ती अक्षरशः फोटोला लावून पाहिली, उन्हात, सावलीत. खोट निघेना. मी आरडाओरडा केला की माझ्या बायकोखाली त्या माणसाची सही लागणार नाही. ती म्हणाली, "तुझा रंग खरा येऊ दे, तुझा लावते."

मग मी टेबलाखालचा पुठ्ठा काढला, पुस्तक उघडलं, सदरा बदलला, तिला गल्लीत सावलीला उभं केलं. आणि ताई, रंग आला! मखमल, झालर, नाणी, सगळं जिथल्या तिथे. फक्त इस्त्रीचं टेबल तिच्या पायावर पडलं होतं, त्यामुळे कपाळावरच्या आठ्यांचाही रंग तंतोतंत आला. मांडवाच्या दारात नेरेओचाच फोटो लागला. मी रात्रभर त्याच्याकडे पाठ करून बिअर प्यायलो. त्या माणसाच्या दुकानाची पायरी मी या जन्मी चढणार नाही.

भाऊजींना नमस्कार, पोपटाला काही नाही.

तुझा,
एलियोदोरो

ता. क. हिरवा पत्रा उतरवलाय. हवा असेल तर पाठवतो, गारवा वाटतो.

ता. ता. क. पुढच्या आठवड्यात येशील तेव्हा सरळ नेरेओकडे जा. भावजयीचा तो फोटो मला हवाय म्हण, अगदी छोटा, पाकिटात मावेल असा. माझं नाव काढू नकोस. मोठा आता आमच्या देव्हाऱ्यावर आहे, पण ओदिलियासमोर मी त्याच्याकडे बघत नाही. काल ती बाजारात गेली तेव्हा स्टूल लावून जवळून पाहिला. ताई, ती नेरेओकडे बघतच नाहीये. नजर दाराबाहेर आहे, डावीकडे. बर्फगोळ्याची गाडी त्याच बाजूला होती.