कॅरलच्या क्रॅनबेरी

शनिवार, ५ नोव्हेंबर २०२२
अल मुंतझा, दोहा

अजून डोकं तापलेलंच आहे. वरच्या मजल्यावरच्या कॅरलला आज घर सोडावं लागलं. इतकी वर्षं राहत होती, पण फुटबॉल वर्ल्ड कपच्या पाहुण्यांना फ्लॅट द्यायचा म्हणून मालकाने करार वाढवलाच नाही.

अमेरिकेत तिच्या भावाची क्रॅनबेरीची, म्हणजे लाल आंबट फळांची, शेती आहे. नोव्हेंबरअखेरीस त्यांच्या सुगीच्या सणाला ही चटणी लागतेच. यंदा सणाला तिकडे जाणं जमणार नव्हतं, म्हणून घर सोडण्याआधी ती आमच्याकडे क्रॅनबेरीची चटणी खाणार होती. सकाळभर वर्ल्ड कपसाठी बंद केलेल्या रस्त्यांना वळसे घालत मी दुकानं पालथी घातली. शेवटी एक पाकीट मिळालं. त्यावर शेतकरी कुटुंबाचा हसरा फोटो. मला मात्र हसू येईना.

पातेल्यात फळं तडतडत फुटत होती, तेवढ्यात तिचा फोन आला. मालकाचा माणूस संध्याकाळऐवजी आत्ताच किल्ली मागत होता. तडतड थांबायच्या आधीच मी पातेलं उचलून वर गेले.

"मॅडम, यल्ला, जल्दी करो," तो दारातूनच तिला म्हणत होता.

"पहले वो खाएगी!" मी ओरडले. इतका आवाज मी घरातसुद्धा कधी चढवत नाही. तो बाहेर थांबला.

कॅरलने बॅगेवर बसून खाल्लं. "साखर फार झाली गं," म्हणाली आणि रडायलाच लागली. तरी चटणी संपवली.

माझ्या ओरडण्याने काय झालं? घर तर गेलंच. खाली उतरताना तिची जड बॅग त्याच माणसाने उचलली. आता त्याच्यावर तरी कसं रागवायचं? मग कुणावर?