कॅलमच्या गाडीची चेन

प्रिय डेस,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. इतकी वर्षं एका छपराखाली काम केलं, पण तुला कधी एक ओळ लिहायची वेळ आली नाही. तू गाडीखाली, मी बॉनेटपाशी. ओरडलं की काम भागायचं. आता तू त्या समुद्रकाठच्या गावात बहिणीकडे जाऊन बसला आहेस, फोन उचलत नाहीस, आणि मला तरी फोनवर कुठे धड बोलता येतं? म्हणून लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तरी एडनाकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा पूस आणि स्वतः वाच. हे आधी तू वाचायचं आहेस.

एडनाचा फोन आला होता, ते तिने तुला सांगितलं नसणार. माझ्याशी मात्र तिने कसलाच आडपडदा ठेवला नाही. म्हणाली, "क्लिफ, हा माणूस मला घरात ठेवलेल्या कपाटासारखा झालाय. पुढ्यात ताट ठेवलं की माशाचा तुकडा इकडचा तिकडे करतो आणि उठतो. परवा शेजाऱ्याची गाडी चालू होईना. म्हटलं, जा, नुसतं बघून तरी ये. तर म्हणतो, माझ्या हातांनी आता कुणाच्या इंजिनला शिवायचं नाही." नंतर म्हणाली, "कॅलमच्या गाडीचं ते इंजिन एकदा उघड. त्याची चूक निघाली तर निघू दे, मी सांभाळीन त्याला. पण काय ते कळू दे. हे असं लोंबकळत ठेवणं चांगलं नाही." मी हो म्हटलं. पण डेस, खोटं कशाला बोलू? तुझी दया येऊन हो म्हटलं नाही. मला पुरावा हवा होता. तुझ्या हातून चूक झाली, तुझ्यामुळे माझा मुलगा त्या डोंगरावरच्या शर्यतीत गेला, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. एकदा ते दिसलं असतं, तर तुझा मनसोक्त राग करायला मी मोकळा झालो असतो. अर्धवट राग फार वाईट असतो रे. तो पोटात आंबतो.

कॅलमच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चच्या दारात माझी नोरीन तुला जे बोलली, ते मी शेजारी उभा राहून ऐकलं आणि तिला थांबवलं नाही. "तू बसवलेली चेन होती, डेस. तू माझ्या पोराला मारलंस." तू टोपी हातात धरून नुसता उभा राहिलास. उलट एक शब्द बोलला असतास तर बरं झालं असतं. पण तू मान हलवलीस, जणू ती तुला किती वाजले ते सांगत होती, आणि पावसात चालत निघून गेलास. तेव्हा सगळ्या गावाला वाटलं, याने कबूलच केलं. मलाही तसंच वाटलं. अपघात तपासायला आलेल्या माणसानेही वरचं झाकण काढलं, चेन दातांवरून उडालेली पाहिली, आठवड्यापूर्वीच नवी घातली होती हे ऐकलं आणि तेवढंच लिहून मोकळा झाला. त्यानंतर नोरीनने गॅरेजच्या पाटीवरचं तुझं नाव खरवडून टाकायला लावलं. आता तिथे नुसतं "ट्रँटर अँड" एवढंच उरलंय. येणारेजाणारे हसतात. पुसायचं म्हटलं तरी माझा हात उठत नाही.

तर इंजिन. गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, पुढचा भाग तुला बघवणार नाही. मी इंजिन खाली उतरवलं आणि बाकावर घेतलं. ती हिरवी आर्डेन गाडी तू, मी आणि कॅलम, आपण तिघांनी मिळून उभी केली होती, म्हणून प्रत्येक बोल्टला कुणाचा ना कुणाचा हात आठवत होता. पुढचं आवरण काढताना मला सारखा तुझा तो दाताचा डॉक्टर आठवत होता. नुकतीच विकत घेतलेली जुनी गाडी घेऊन आलेला, चेन म्हणजे काय म्हणून विचारणारा. तू त्याला म्हणाला होतास, "डॉक्टरसाहेब, या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन म्हणजे माझी आई आणि माझी पहिली बायको. एक खोलीत आली की दुसरीने बाहेर पडायचं. दोघी एकाच वेळी आत सापडल्या की घर खलास. ही चेन त्यांच्या वेळा सांभाळते, बाकी काही नाही." डॉक्टर बिचारा हसला, आणि कॅलम त्या कोपऱ्यात तेलाच्या डब्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता. ते हसू माझ्या कानात आलं आणि मी हातातला पाना बाकावर ठेवून दिला.

मग उचलला आणि शोधायला लागलो. तुझी चूक शोधायला. दोन चेनपैकी उडाली होती ती वरची; खालची चेन तुझ्या खुणेवर होती. तू कड्यांवर लावतोस तो नखांचा लाल रंग, ज्यावरून तुझी चेष्टा करायचो, तो जिथल्या तिथे होता. कॅमच्या बोल्टांना तू तारेची गाठ मारली होतीस, तुझी ती डावखुरी गाठ, एकही सुटलेली नाही. मी सगळं मोजलं, परत मोजलं, आणि खरं सांगतो, मला चीड यायला लागली. इतकं चोख काम! फक्त वरच्या चेनचा ताण धरणारा टेन्शनर मेला होता. त्याला मागे सरकू न देणारा दात मुळापासून मोडला होता. आणि तुला सांगायला नको, सुलट चालणाऱ्या इंजिनात त्या दातावर जोर येतच नाही. तो मोडतो एकाच गोष्टीने. इंजिन हाताने फिरवताना खुणेच्या केसभर पुढे गेलो तरी तू मला पुन्हा पूर्ण दोन फेरे मारायला लावायचास ते कशासाठी? "कंटाळा आला असेल तर घरी जा, क्लिफ, पण उलटं फिरवू नकोस. उलटं फिरवणाऱ्याला माझ्या गॅरेजात चहा मिळत नाही." तेव्हा मी क्रँकचा नट पाहिला, ज्याला पाना लावून इंजिन फिरवतात तो. काम संपल्यावर तू त्याला काळा रंग देतोस, आणि त्यानंतर तू तिथे पाना लावतच नाहीस; इंजिन फिरवायचं तर गियर टाकून गाडी पुढे ढकलतोस. त्या रंगावर पान्याचे ओरखडे होते. कोपऱ्यांच्या एका कडेला हलके, सुलट फिरवल्याचे. दुसऱ्या कडेला खोल, धातू उघडा पडलेला. कुणीतरी सगळा जोर लावून इंजिन उलटं ओढलं होतं. तुझं काम झाल्यानंतर. म्हणजे शर्यतीच्या दिवशी, तिथे डोंगराच्या पायथ्याशी, जिथे पाठदुखीमुळे तू नव्हतास.

मला वाटलं, कॅलम. दुसरं कोण? त्याला घाई होती, पहिल्या चाचणीत गाडी नीट ओढत नव्हती, त्याला ठिणगीच्या पॉइंटचं अंतर बघायचं असणार, आणि त्यासाठी इंजिन हाताने फिरवून नेमक्या जागी थांबवावं लागतं. मी तेव्हा तिकडे तंबूत रांगेत उभा होतो, हातात बेकनचा पाव, तोंडात शिळ्या गप्पा. तुझा नियम पाठ असूनही पोराने पाना लावला आणि पुढे गेलं म्हणून मागे ओढलं, असंच मला वाटलं. टेन्शनरचा दात मोडला, चेन ढिली पडली, खालच्या रस्त्यावर तेवढ्यावर भागलं, आणि वरच्या वळणावर पूर्ण वेगात चेन उडाली, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले, मागची चाकं जाम झाली. पुढचं तुला ठाऊक आहे. डेस, मी जमिनीवर बसून रडलो. तुझ्यासाठी रडलो की त्याच्यासाठी, मलाच कळलं नाही. पण उठलो तेव्हा ठरवलं होतं की नोरीनला सांगायचं. मुलाची चूक असली तरी सांगायचं. तुझ्यावर आणखी एक दिवसही हे राहता कामा नये.

ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. तू तिला आता ओळखणार नाहीस. दिवसचे दिवस ती बोलत नाही, बोलली तर तुझं नाव घेऊन बोलते, ते काय बोलते ते इथे लिहीत नाही. मी समोर बसलो. माझ्या हाताला इंजिनाचं तेल होतं. तिने ते पाहिलं आणि मला वाटलं, आता भडका उडणार. तर ती हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "त्या दिवशी माझे हातही असेच झाले होते," म्हणाली. "तुला मी सांगितलंच नाही ना? तू खायला गेला होतास. कॅलम म्हणाला, आई, खाली वाकून त्या नटाला पाना लाव आणि मी सांगतो तसं फिरव. इतक्या वर्षांत मला तुम्ही कुणी कधी हात लावू दिला नव्हता त्या गाडीला! मी फिरवलं. तो थांब म्हणाला, पण माझ्याकडून पुढे गेलं. आता हा चिडेल म्हणून मी गुपचूप मागे ओढलं. अरे, किती घट्ट होतं ते! दोन्ही हात लावले, पाय टेकवला, तेव्हा कुठे आलं. त्याला कळलंही नाही. वर बघून म्हणतो कसा, वा आई, अगदी बरोब्बर जागी थांबवलंस, डेसकाकाला सुट्टी देऊन तुलाच ठेवतो." मग तिने तेच पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, आणि सांगताना हात तसे धरून दाखवले. म्हणाली, "क्लिफ, माझ्याकडे एवढंच आहे बघ. शेवटी तो माझ्यावर खूश होता." मी म्हटलं, हो. मी तिच्यासाठी चहा ठेवला. शेंगा सोलायला बसलो.

आता तुला कळलं असेल मी का लिहितो आहे. तुझा दोष नाही, डेस. तुझ्या कामात रेघभर चूक नव्हती, आणि हे सांगायला मला इतके महिने लागले याची मला लाज वाटते. तो नट या पाकिटातच घातला आहे. तुझा पुरावा आहे, तुझ्याकडेच राहू दे. एडनाला दाखव, तिला सगळं सांग, तिच्या पोटात राहील. पोटभर जेव. शेजाऱ्याची गाडी दुरुस्त कर. पण इकडे येऊ नकोस, आणि गावात कुणाला बोलू नकोस. तू निर्दोष आहेस हे कळलं की नोरीन विचारणार, मग कोण? आणि तिला ते कळायला वेळ लागणार नाही. आयुष्यभर आपल्या गप्पा ऐकत आलेली बाई आहे ती. तुझ्यावरच्या रागाने ती सकाळी उठते, आणि त्या एका आठवणीने तिला झोप लागते. यातलं एक काढलं की दुसरंही जाईल, आणि मग ती जगणार नाही, हे मी तुला सांगतो. तुझ्याकडे हे मागायचा मला काडीचाही हक्क नाही. तू गुन्हा केला नाहीस, तरी तिच्यापुरता तो तुझ्याच नावावर राहू दे, एवढं मागतो. तुला ते झेपणार नसेल तर नाही म्हण, मी तुला दोष देणार नाही. फक्त आधी दोन ओळी टाक, म्हणजे तिला कळेल त्या दिवशी मी घर सोडून कुठे जाणार नाही.

तुझाच,
क्लिफ