गप्प झालेल्या मुकादमास

प्रिय मुकादम,

'प्रिय' लिहायची माझी अजिबात इच्छा नव्हती. माझ्या आईने काल फोनवर तुझं सगळं सांगितलं तेव्हा तोंडात जे शब्द आले ते इथे लिहिले असते, पण पाकीट आधी वहिनीच्या हाती पडणार, म्हणून 'प्रिय'. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून ही पाळी आली. शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस. शाळेत आपण दोघं किती टिकलो ते मास्तरांना चांगलं ठाऊक आहे.

इथे मी ज्या इमारतीवर आहे तिला विटा कमी आणि काचा जास्त. काच उचलायला जोडीला जो माणूस दिलाय तो स्वभावाने भला आहे, पण दिवसभर 'हं' सोडून काही बोलत नाही. माझे सगळे विनोद त्याला ऐकवून संपले, एकदाही हसला नाही. शेवटी एकाने सांगितलं, तो मनातल्या मनात हसतो म्हणे. मनातल्या मनात! त्याच्याबरोबर काच धरायची म्हणजे कपाटाला मिठी मारून जिना चढायचा. परवा तर मी कंटाळून काचेतल्या माझ्याच तोंडाशी गप्पा मारत होतो.

सामान हलवायच्या कामावर आपली जोडी लावली तेव्हा टेंपोच्या मालकांनी कपाळावर हात मारला होता. एका टेंपोत दोन भोंगे! मी जिन्यात भेटेल त्याच्याशी बोलणार, कुणाचा गुडघा दुखतो, कुणाची पोरगी रुसली, सगळं विचारणार. तू तसा नाहीस. तुलाही माणसं लागतात, पण हलवायला. "सायकल काढा, कुत्रं बांधा, दार धरा, आजी तुम्ही आत बसा." तुझ्या हुकमांनी गिऱ्हाईक भडकलं की मी त्याला हसवायचो, आणि मी गप्पांत रमलो की तू मानगुटीला धरून मला उठवायचास. सुरुवातीला एकमेकांचा जीव खाल्ला आपण. मग ते जिन्याचं वळण आलं, दोघं एकाच वेळी ओरडलो, मी डावीकडे आणि तू उजवीकडे, आणि डॉक्टरीणबाईंच्या कपाटाचा आरसा पायरीपायरीवर पसरला. बाई वरून बघत होत्या आणि आपण खाली काचांत उभे राहून भांडत होतो, चूक कुणाची!

त्या दिवशी नियम ठरला. जो उलटा चालतो त्याला मागचं दिसत नाही, त्याने तोंड बंद ठेवायचं. ज्याला जिना दिसतो त्याचाच आवाज. मजला बदलला की जागा बदलायच्या. गप्प राहताना तुझे कान लाल व्हायचे आणि माझं पोट फुगायचं. टेंपोत बसलो की दोघांचं साठलेलं एकदम बाहेर. "गाढवा, भिंतीत घालत होतास मला!" "मग बारीक हो की जरा!" पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत भांडण खलास, एका पुड्यातली बिस्किटं खात उतरायचो. लोक म्हणायचे, यांचं क्षणभर पटत नाही. अरे, आपल्यासारखं कुणाचं पटत होतं? पोटात काही ठेवायचं नाही असं आपण ठरवलंही नव्हतं. दोघांना ते जमतच नव्हतं.

आणि आता जमायला लागलं तुला? मी इकडे आल्यावर मालकांनी तुला तो नवा जोडीदार दिला. तू उलटा चालत होतास, नियमाप्रमाणे तोंड मिटून. त्याला ओली पायरी दिसली आणि तो बोलला नाही. तुला वाईट वाटेल म्हणून! हे त्याने आईसमोर कबूल केलं. तुला शिकवल्यासारखं होईल म्हणून तो गप्प बसला, तू घसरलास आणि हातातली काच तुझ्या मनगटात गेली. त्याच्यावरही माझा राग आहे, पण तुझ्यावर आहे तेवढा नाही. त्याला आपला नियम कुणी सांगितला नव्हता. तुला तर माहीत होता, तरी तूही माझ्यापासून लपवलंस.

उन्हाळ्यापासून तुझी दोन बोटं मिटत नाहीत आणि मला मेसेज काय, "सगळं मजेत". आईला तू शपथ घातलीस, त्याला कळवू नका, काम टाकून धावत येईल. हो, आलो असतो! तुला दवाखान्याच्या खाटेवर शिव्या घातल्या असत्या, तूही घातल्या असत्यास, नर्सने दोघांना हाकललं असतं. तो माझा हक्क होता, तो तू खाल्लास. मी निघालो तेव्हा सगळ्या स्टँडसमोर तू मला पळपुट्या म्हणालास, त्याचं काहीच वाटलं नाही मला. गाडीत हसत बसलो होतो. पण आई सांगत होती, तू कोपऱ्यावरच्या हॉटेलात रस्त्याकडे पाठ करून बसलेला असतोस. तिने हाक मारली तर 'हं' म्हणालास. तू! फोनवर आईला रडू आवरेना आणि मी इथे हेल्मेट आपटलं.

आता कामाचं ऐक. इथे मोठ्या काचा क्रेनने वर जातात. खाली उभं राहून क्रेनवाल्याला, वरच्या पोरांना आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना हाकायला एक माणूस लागतो. आहे तो सोडून चाललाय. मी साहेबांना म्हणालो, माझा एक माणूस आहे, उचलणार काही नाही पण अख्खा रस्ता हलवेल. दया म्हणून बोलावतोय असं मनात आणलंस तर तिकडे येऊन तुडवीन. इथल्या गप्प लोकांत मलाच धड काम करता येत नाही. साहेबांना आधी तुझा आवाज ऐकायचाय. सोमवारी दुपारी वहिनीच्या नंबरवर फोन येईल, तो तूच उचलायचास. साहेबांशी नीट बोल, यायचं नसेल तर तसं त्यांना स्पष्ट सांग. मी त्यांच्या शेजारीच उभा असेन. तुमचं बोलणं झालं की फोन मी ओढून घेणार आहे, तेव्हा वहिनीला आधीच सांगून ठेव, बाळाला घेऊन शेजारी जाऊन बस म्हणावं.

तुझाच, अजून चिडलेला,
भोंगा