पानफुटीची दोन पानं

मंगळवार, संध्याकाळ

वन्सं पानफुटीचा हळद घातलेला काढा आणि थोडी पानं घेऊन आल्याच. धाकट्या भावाचं, म्हणजे यांचं, परवा पित्ताशयाचं ऑपरेशन आहे, आणि या म्हणतात, "खडो तो खडो गो! मुताचो काय नि पित्ताचो काय. माझ्या घोवाचो गेलो मा ह्याच पाल्यान?"

त्यांच्या यजमानांचा दाखला ऐकून हसू आलं, पण काढा यांना दिला नाही. त्या आणणार हे ठाऊक होतं, म्हणून सकाळीच डॉक्टरांना विचारलं होतं. मुतखड्यावर या पानाचे थोडेफार प्रयोग झालेत, म्हणाले. पित्ताचा खडा त्याने विरघळतो याला पुरावा नाही. आणि काढ्यातल्या हळदीने पित्ताशय आकुंचन पावतं. खडा सरकून नळीत अडकला तर?

तरी मन त्या पानाकडे ओढतंच. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी ते पुस्तकात ठेवायला लावलं होतं. कडेला कोंब फुटलेले पाहून किती हरखले होते मी!

"तेचा पोट फाडतले," वन्संचा आवाज एकदम बारीक झाला. "माझो एकच भाव गो."

मी त्यांना जवळ बसवलं. उरलेली दोन पानं कुंडीतल्या मातीवर ठेवली. "हे हॉस्पिटलातून घरी येईपर्यंत फुटतील ना, वन्सं?"

त्यांनी वाकून एक पान मातीत जरा दाबलं.

"पानफुटी ती. फुटतलीच."