अंगणापलीकडचे निरोप

सोमवार, ७ डिसेंबर

झंखू मुकी! म्हणे मुकी!

बालमंदिराच्या बाईने, निरुबेनने, आज दारात मला थांबवलं. आवाज इतका हळू, जणू कुणी गेल्याची बातमी सांगतेय. "संतोकबा, दिवाळीपासून तुमची नात इथं एक शब्द बोलली नाही."

मी हसलेच. म्हटलं, "तुझ्या कानात मळ झालाय, निरुबेन. घरी तोंडाला खळ नसतो तिच्या." ती हसली नाही. मग माझंही हसू गेलं. उत्तरायण, म्हणजे संक्रांत, झाली की भावनगरच्या मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणते.

चार वर्षांची पोर. आणि मुकी?

मंगळवार, ८ डिसेंबर

शेजारच्या पूरीला कळलं पण! विहिरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "बरंय की संतोक, मुकी सून कुणालाही चालते. सासूला उलटून बोलायची नाही."

मी म्हटलं, "मग तुझ्या सुनेला थोडं मुकेपण उसनं दे. भिंतीपलीकडून रोज ऐकते मी, काय काय म्हणते तुला."

बायका खदखदल्या. पूरी घागर उचलून चालती झाली. पण मी हसले नाही. या गावात एकदा नाव पडलं की मेल्याशिवाय पुसत नाही. माझ्या चुलत नणंदेला लहानपणी कुणी वेडी म्हणालं. सत्तरीत गेली बिचारी, तरी चितेपर्यंत वेडीच.

बुधवार, ९ डिसेंबर

आज कान उघडे ठेवून बसले. बोलते! भरपूर बोलते!

सकाळी मी ओसरीवर खाटेवर, सून लाभू पलीकडे चुलीपाशी. मधे अंगण. लाभू लग्न होऊन आल्यापासून माझी लाज पाळते, रीतीप्रमाणे. पदर हनुवटीपर्यंत. सासूशी थेट बोलायचं नाही. माझा मुलगा मनसुख सुरतेला हिरे घासतो, वर्षातून एकदा येतो. मग घरात आम्ही दोघी, झंखूची बा मी आणि मा लाभू, आणि मधे ही पोस्टमन.

मी म्हटलं, "जा ग, सांग तुझ्या माला, काल बाजरीचा रोटला असा केला की कुत्रं वास घेऊन परत गेलं." पळाली. पळत आली. "बा, मा म्हणते, बाच्या हातच्या कढीबरोबर कसाही रोटला गोड लागतो."

बघा! किती टोमणे मारा, लाभूकडून साखरच येते. चिडवायची मजाच घालवते माझी सून. चिडतच नाही!

कढी केली परत. वर्षभर रोज करतेय, तिला आवडते म्हणून.

सोमवार, १४ डिसेंबर

निरुबेनने आत बसायला बोलावलं. म्हणाली, एका कोपऱ्यात बसा, आणि कुणाला चिडवू नका. मला! मी म्हटलं, प्रयत्न करते.

ही कसली शाळा? पाटी नाही, छडी नाही. एक पोर गव्हातले खडे निवडतंय, एक बुटक्या केरसुणीने तोच कचरा इकडून तिकडे ढकलतंय. दोघं वाळूत विहीर खणत भांडतायत. बाई खाली मांडी घालून नुसती ऐकतेय! आमचे मास्तर आधी कानफटात मारायचे, मग 'क' म्हणायला लावायचे.

"तू शिकवतेस कधी?"

"बोलायला शिकवता येत नाही, बा. कुणाला काही सांगावंसं वाटलं की पोर बोलतं. मी ते वाटेपर्यंत बसते."

"बसायचा पगार! मला ठेव की. मी तर झोपूनही करीन."

आता खरंच हसली.

मग झंखूला बघितलं, आणि माझी मस्करी राहूनच गेली. एका पोराने तिला विचारलं, "वाळू पाहिजे?" झंखूने मान मागे वळवली. मागे कुणी नव्हतं. मग दुसऱ्या बाजूला बघितलं. कुणाला तरी शोधत होती. पोरगं वाट बघून कंटाळून गेलं. पोरीचे ओठ हलले, आणि मिटले.

निरोप! ती निरोप शोधत होती! मा काय म्हणते, बा काय म्हणते — तेच तिला येतं. तिला कुणी पाठवलंच नव्हतं, मग ती बोलणार काय?

तिचं ते मागे वळून बघणं डोळ्यांपुढे आहे. अजूनही जात नाही.

मंगळवार, १५ डिसेंबर

दिवसभर ऐकलं. "बा, मा म्हणते..." "मा, बा म्हणते..." तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. एक नाही! भूक लागली तरी म्हणते, "बा, मा म्हणते, झंखूला गूळ दे."

पोस्टमन म्हटलं होतं मी. पोपट केलाय आम्ही पोरीचा.

गुरुवार, १७ डिसेंबर

निरुबेनला सांगितलं. तिने जवळची पोरं वाळूकडे पिटाळली. मग म्हणाली, "काही दिवस तिच्या हाती निरोप देऊ नका. जमेल?"

"म्हणजे मी सुनेशी थेट बोलायचं? आणि तिने माझ्याशी?"

"घर तुमचं. ठरवणार तुम्ही."

माझी सासू मेली तोवर मी तिचं तोंड नीट बघितलं नव्हतं. पदराच्या जाळीतून दिसेल तेवढंच.

रविवार, २० डिसेंबर

आज गेले अंगण ओलांडून. चुलीपाशी लाभूच्या शेजारी बसले. तिच्या हातातला रोटला थापता थापता जमिनीवर!

"लाभू, पदर वर कर. आजपासून माझी लाज पाळायची नाही."

तिने पदर आणखी खाली ओढला. मी म्हटलं, "अग, घर विकलंय का मी? एवढी काय घाबरतेस?" तिने खालचा रोटला उचलला आणि झटकत बसली. आणि अंगणाच्या मधोमध झंखू. मी बोलावते म्हणून नाही, ती बोलावते म्हणून नाही. नुसती उभी. मग भोकाड पसरलं.

मंगळवार, २९ डिसेंबर

घर म्हणजे स्मशान. लाभू मानेने हो-नाही करते. झंखू घरीही बोलेना! होती ती जीभही घालवली का मी?

पूरी दारात येऊन, "सुनेला डोक्यावर बसव आता, नाक कापून घे." मी म्हटलं, "घे कापून. तुझ्या कामाला येईल, तुला एक जास्तच लागतं, दुसऱ्याच्या घरात खुपसायला."

ती गेली. मी आत येऊन रडले.

बुधवार, ६ जानेवारी

निरुबेनने गाडी ठरवली. शनिवारी, सोळा तारखेला, भावनगर. मी होकार दिला.

गुरुवार, १४ जानेवारी. उत्तरायण

सगळं गाव पतंगात. आमच्याकडे तीळ भाजत होते. मी कढीचं पातेलं ठेवलं तर मागून आवाज आला. ओळखलाच नाही! जाडा, खणखणीत.

"बा, कढी नको. मला कढी आवडत नाही."

मागे वळले तर लाभू. पदर कपाळापर्यंत. कसे डोळे आहेत बाईचे! आणि नाकावर तीळ, मला माहीतच नव्हता.

पण कढी?

"अग, वर्षभर तूच निरोप पाठवतेस, बाच्या कढीसारखी कढी नाही!"

"मी? मी तर म्हणायचे, म्हशीने सुद्धा तोंड फिरवावं." म्हणाली आणि जीभ चावली.

गरीब गाय समजत होते मी तिला!

"आणि तुम्ही," लाभू म्हणाली, "तुम्ही रोज सांगून पाठवायचात ना, लाभूच्या हातचे रोटले म्हणजे माझ्या आईच्या हातचे? त्या एका निरोपावर मी दिवस काढायचे, बा."

"मी? असं म्हणाले? मी?"

एक तर ती खोटं बोलतेय, नाही तर मला म्हातारचळ लागलाय. डोकं चालत नाही. कढी गेली म्हशीला. तिने तोंड फिरवलं!

शुक्रवार, १५ जानेवारी

झंखूला मांडीवर घेतलं. लाभू समोर. विचारलं, "मा काय म्हणायची? खरं सांग."

ती आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. मागे नाही बघितलं. मग म्हणाली, "तू पण वाईट बोलायचीस. मा पण. मी अंगणात बदलायचे."

"आणि बालमंदिरात का गप्प?"

"तिथं बदलायला काही नसतं."

उद्याची गाडी नको म्हणून निरुबेनला सांगायला झंखूलाच पाठवलंय. सोबत कुणी नाही. काय सांगेल, देव जाणे.