अंग माझं, पट्टे त्याचे

७ नोव्हेंबर

पोहोचलो. बावन्नाव्या वर्षी पाठीवर सॅक घेऊन!

प्रवाशांचं वसतिगृह. खोलीत आठ पलंग, एकावर एक. मला वरचा मिळाला. लांबी सहा फूट एक इंच, रुंदी दोन फूट तीन इंच (मोजपट्टी खिशात असतेच). शिडीची तिसरी पायरी ढिली आहे. मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काका, खालचा पलंग देऊ का?" म्हटलं, बाई, मी तीस वर्षं शिडीवर चढून ताडपत्र्या बांधतोय. "चढण्याचं नाही हो, उतरण्याचं म्हणतेय." खोलीतली पोरं हसली.

माझ्या खालच्या पलंगावर एक सुतार आहे. दरवर्षी दोन महिने काम बंद ठेवून भटकतो म्हणे. त्याने माझी सॅक उचलून बघितली. "कुठल्या कंपनीची?" माझी! कापणीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत. सात कप्पे, दुहेरी तळ. आठवीत शाळा सुटली. नंतर जे शिकलो ते हातांनी शिकलो, कोणा गुरूचे पाय धरले नाहीत.

बायकोचा फोन. "अहो, आतल्या कप्प्यात बघितलंत का?" काय आहे? "बघा म्हणजे कळेल." बघितलं नाही. कप्पा मी शिवलेला, आणि त्यात काय आहे ते हिने सांगायचं!

शहर बघायला आलोय. लिहून ठेवतो, म्हणजे विचारणाऱ्याला दर वेळी एकच उत्तर जाईल.

८ नोव्हेंबर

एकवीस हजार पावलं. कुठेच बूड टेकवत नाही. चहाला बसलो तर चहा यायच्या आत उठावंसं वाटलं. रस्ता ओलांडायला इथे कोणी थांबत नाही. माणसं सरळ गाड्यांच्या लोंढ्यात पाय घालतात आणि गाड्या त्यांना वळसा घालून जातात. मी दहा मिनिटं उभा. शेवटी एका आजीबाईंनी माझं मनगट धरून पलीकडे नेलं आणि वर दटावलं, "मध्येच थांबायचं नाही!"

दुकानांवरच्या ताडपत्र्या बघवत नाहीत. एकीचीही कड दुमडलेली नाही. लोक मनोरे बघतात, मी समोरून येणाऱ्या पिशव्यांचे पट्टे बघतो. प्रत्येक पट्ट्याची शिवण. सवय आहे, दुसरं काही नाही.

आतला कप्पा उघडला. बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी. धाकट्या भावाचा पत्ता.

याच शहरातला. मला ठाऊक नव्हतं असं नाही. अकरा वर्षं तो वहिनीला पत्रं पाठवतो, ती टेबलावर उघडी ठेवते, मी वाचत नाही. म्हणजे उचलून वाचत नाही.

९ नोव्हेंबर

उंच मनोरा बघायला निघालो. रांग फार. परतलो. पत्त्यावरची गल्ली वाटेत नव्हती, तरी गेलो. कोपऱ्यापर्यंत.

फोन. "सापडलं का?" काय? "शहर हो! शहराचंच विचारतेय."

१० नोव्हेंबर

फजिती!

रेल्वे ओलांडायच्या पुलाचा जिना, भर गर्दी, अकराची वेळ. सॅकचा डावा पट्टा गेला. ओझं एका खांद्यावर लटकलं, मी कठड्यावर आपटलो, झाकण उघडलं आणि कपडे, डबा, मोजपट्टी सगळं पायऱ्यांवरून घरंगळत खाली. लोक एकेक वस्तू उचलून हातात देत होते. एकीने माझी बनियन घडी करून दिली. याहून मेलेलं बरं.

बगलेत मारून सॅक आणली. सुतार म्हणतो, "काका, कंपनीला पत्र लिहा!"

पट्टे मी कधी शिवत नसे, हे खरं. दुकानात आमची वाटणी होती, अंग माझं, पट्टे धाकट्याचे. कापणी, कप्पे, तळ मी. खांद्याला लागतं ते सगळं तो. तो गेल्यापासून दुकानात फक्त ताडपत्र्या; या सॅकचे पट्टे मी पहिल्यांदाच शिवले. तेव्हा म्हटलं, टाका कच्चा राहिला असणार.

पण टाका कच्चा नाही. भिंगातून बघितलं. टाक्यांची चौकट शाबूत, मधली फुली शाबूत, एक दोरा सुटलेला नाही. शिवणीच्या खालचं कापड फाटलंय. एका रेषेत, कात्रीने कापल्यासारखं.

ही फाट मी पूर्वी बघितलीय.

११ नोव्हेंबर

बाहेर पडलो नाही. म्हणजे चार वेळा पडलो आणि दारातून परत आलो. मालकीणबाई म्हणाल्या, "काका, दाराचं बिजागर झिजेल."

अकरा वर्षांपूर्वी डोंगर चढणाऱ्या मंडळाने चाळीस सॅक परत आणल्या होत्या. सगळ्यांचे पट्टे तुटलेले. मंडळाची सहा माणसं दुकानात उभी, बाहेर आणखी दोन गिऱ्हाइकं. मी एकेक सॅक घेतली आणि पट्ट्याची शिवण त्यांच्यादेखत उसवली. "हात आहेत का खुरपी?" असं म्हणालो धाकट्याला. तो खाली मान घालून ऐकत राहिला. चाळीसच्या चाळीस उसवल्या मी. महिनाभरात तो गेला.

आज सुताराला फाट दाखवली. त्याने कापड उजेडाकडे धरलं. "आमच्याकडे फळी आडव्या रेषेची कापली तर अशीच मोडते. खिळा काय करणार?"

कापडाला उभा धागा असतो आणि आडवा. जोर उभा धागा पेलतो. माझी कापणी आडवी! कापडाचा तागा आडवा घातला की चार तुकडे बरोबर बसतात, चिंधीसुद्धा उरत नाही. ही युक्ती माझी, मी शोधलेली. येईल त्याला तागा पसरून दाखवायचो.

त्या चाळीस सॅक आडव्या कापल्या होत्या. फाटलेलं कापड समोर होतं, आणि मी शिवण उसवत बसलो. उसवल्यावर कोणाचं काय चुकलं ते कसं कळणार?

आणि मला तेव्हा काहीच दिसलं नाही, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. शेवटच्या आठ-दहा सॅकच्या वेळी दिसलं होतं. तरी उसवत राहिलो. थांबलो असतो तर मान खाली घालायची पाळी माझी होती.

१२ नोव्हेंबर

गल्लीत गेलो. अरुंद, दोन्हीकडे शिवणयंत्रं. चाळीस पावलांवर त्याचं दुकान. दारात बांधलेली ताडपत्री, कड दुमडलेली, कोपऱ्यांना कातडी ठिगळं. आख्ख्या शहरातली पहिली नीट ताडपत्री.

तीन वेळा पुढून गेलो. केस पिकलेत त्याचे. चष्मा लागलाय. काम करताना जीभ अजून ओठाच्या कोपऱ्यात.

आत दोन गिऱ्हाइकं होती. ती गेली की जाऊ म्हटलं. ती गेली. मग म्हटलं, आता जेवत असेल.

चौथ्यांदा आजीबाईंचं आठवलं. मध्येच थांबायचं नाही.

१२ नोव्हेंबर, दुपार

सॅक त्याच्या टेबलावर ठेवली.  माफी घोकून आलो होतो; फाटलेली बाजू तेवढी त्याच्याकडे वळवली. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, आधी फाट बघितली. अंगठा फिरवला.

"अजून आडवंच कापतोस, दादा?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं! त्याच दिवशी! म्हटलं, मग तेव्हा बोलला का नाहीस?

त्याने सुईत दोरा ओवला.

"गिऱ्हाइकं उभी होती ना."